माळ्यावरच्या व्हिडिओ गेम कॅसेट, पार्लरचे बोर्ड आणि एम्युलेटर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वेंगुर्ले, कुडाळ, मालवण या पट्ट्यातले आम्ही पाच जण जुन्या व्हिडिओ गेमच्या कॅसेट, सीडी आणि पार्लरमधल्या मशीनचे बोर्ड (आतली सर्किटं) मिळतील तिथून आणतो आणि त्यांच्यात जे साठवलेलं आहे ते संगणकावर उतरवून ठेवतो. मे महिन्यात आणि गणपतीत चाकरमानी गावी आले की माळे झाडले जातात, जुने खोके खाली येतात आणि आमचे फोन सुरू होतात. विचारलं जातं ते बहुतेक तेच तेच, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली आहेत.

एम्युलेटर म्हणजे नेमकं काय?

एका यंत्राचं वागणं दुसऱ्या यंत्रावर जसंच्या तसं करून दाखवणारा प्रोग्राम. आपण टीव्हीला जोडायचो त्या डब्यात एक प्रोसेसर होता, चित्र काढणारी वेगळी चिप होती, आवाज काढणारा भाग होता. कॅसेटमधला गेम फक्त त्या यंत्राची भाषा बोलतो. एम्युलेटर तुमच्या लॅपटॉपवर ते यंत्र उभं करतो, आणि गेमला वाटतं आपण त्याच जुन्या डब्यात बसलो आहोत.

कॅसेटमधल्या चिपमधून उतरवलेल्या फाइलला रॉम म्हणतात आणि उतरवण्याच्या कामाला डंप करणं. एम्युलेटर वेगळा, रॉम वेगळा. खाली कायद्याचा प्रश्न आहे, तिथे हा फरक महत्त्वाचा ठरतो.

गेम बनवणाऱ्या कंपन्यांनीच हे जपायला नको का?

हवं. पण तसं होत नाही. व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या अमेरिकेतल्या संस्थेने २०२३ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के गेम आज बाजारात विकतच मिळत नाहीत, असं त्यात दिसलं. दुकानं तर उघड बंद होतात. निन्टेन्डोने २७ मार्च २०२३ रोजी आपल्या थ्रीडीएस आणि वी यू या दोन यंत्रांची ऑनलाइन खरेदी थांबवली, आणि फक्त तिथेच विकले जाणारे कितीतरी गेम त्या दिवसापासून विकत घ्यायची सोय उरली नाही.

कंपन्यांच्या स्वतःच्या कपाटांचीही हीच कथा. ‘किंगडम हार्ट्‌स’ हा २००२ चा गाजलेला गेम. त्याची नवी आवृत्ती करायला घेतली तेव्हा मूळ सामग्री हरवल्याचं लक्षात आलं, आणि विकल्या गेलेल्या गेममधून उकरून बरंच काही पुन्हा बनवावं लागलं. ज्यांनी जन्म दिला त्यांच्याकडेच जन्माचा दाखला नाही, अशी अवस्था.

उलट ज्यांना ‘चोर’ म्हणून हिणवलं गेलं त्या एम्युलेटरवाल्यांचं काम कंपन्यांच्या कामी आलं आहे. सोनीने २०१८ मध्ये प्लेस्टेशन क्लासिक नावाचा छोटा डबा विकायला काढला. त्याच्या आत पीसीएसएक्स रीआर्म्ड हा हौशी लोकांनी उघडपणे लिहिलेला एम्युलेटर होता. जुने डॉसवरचे गेम विकणारं जीओजी हे दुकान डॉसबॉक्सच्या आधारावर ते गेम चालवून देतं. डॉसबॉक्स हा डॉसवर चालणाऱ्या जुन्या संगणकांचा, स्वयंसेवकांनी उभा केलेला एम्युलेटर आहे. मला या लोकांबद्दल मनापासून आदर वाटतो. रात्री जागून, पदरचे पैसे घालून त्यांनी हे केलं आहे.

हे लोक नेमकं करतात काय? फुकट गेम वाटतात एवढंच ना?

हा गैरसमज आधी दूर करू. पार्लरच्या मशीनसाठीचा मेम हा एम्युलेटर इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी फेब्रुवारी १९९७ मध्ये पहिल्यांदा बाहेर काढला. ते मशीन आतून कसं चालायचं याची नोंद ठेवणं हा आपला हेतू असल्याचं मेमवाले पहिल्यापासून सांगत आले आहेत. गेम खेळता येतो, ही ती नोंद बरोबर असल्याची खूण. मेमचा कोड म्हणजे त्या हजारो बोर्डांचं वर्णनच आहे. कोणता प्रोसेसर, किती वेगाने, कोणत्या तारेला काय जोडलेलं, सगळं त्यात आहे. २०१६ पासून तो पूर्णपणे मुक्त परवान्याखाली आला.

दुसरे लोक फक्त याद्या करतात. हे काम कंटाळवाणं वाटेल, पण माझ्या मते सगळ्यांत मोलाचं तेच आहे. नो-इन्ट्रो नावाचा गट कॅसेटच्या आणि रीडम्प नावाचा गट सीडी-डीव्हीडीच्या नोंदी ठेवतो. ते नोंदवतात तो प्रत्येक फाइलचा ‘अंगठा’. फाइलमधल्या सगळ्या आकड्यांवरून गणित करून एक छोटा अंक काढतात. फाइलमध्ये एक कणभर जरी फरक असला तरी हा अंक बदलतो. रत्नागिरीत उतरवलेली आणि ओसाकात उतरवलेली प्रत एकच अंगठा देत असेल, तर दोन्ही शुद्ध समजायच्या.

पार्लरमधला ‘मुस्तफा’ आता कुठे मिळेल?

जत्रेत आणि एसटी स्टँडजवळच्या पार्लरमध्ये ज्या गेमभोवती सर्वांत जास्त पोरं उभी असायची, त्याचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’. कॅपकॉम कंपनीचा, १९९३ सालचा. पिवळी टोपी घातलेला मुस्तफा त्यातल्या चार पात्रांपैकी एक, पण आपल्याकडे सगळा गेमच त्याच्या नावाने ओळखला गेला.

या गेमच्या मूळ बोर्डाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. नक्कल होऊ नये म्हणून कॅपकॉमने आवाज सांभाळणाऱ्या प्रोसेसरचा प्रोग्राम कुलूपबंद केला होता, आणि कुलपाची किल्ली एका छोट्या बॅटरीच्या जिवावर ठेवली होती. बॅटरी संपली की किल्ली पुसली जाते, आणि बाकीचा बोर्ड धडधाकट असूनही गेम सुरू होत नाही. कॅपकॉमच्या पुढच्या पिढीतल्या, सीपीएस-२ नावाच्या बोर्डांवर तर मुख्य प्रोग्रामच असा बांधलेला होता. बॅटरी काही वर्षांची, म्हणजे बोर्डाच्या मरणाची तारीख कारखान्यातच ठरलेली.

ते कुलूप समजून घ्यायला बरीच वर्षं गेली. २००७ मध्ये आंद्रेआस नाइव्ह आणि निकोला साल्मोरिया यांनी सीपीएस-२ च्या कुलपामागचं पूर्ण गणित उलगडलं. २०१६ मध्ये एदुआर्दो क्रूझ आणि त्यांच्या सोबत्यांनी, मेलेल्या बोर्डात किल्ली पुन्हा भरायची रीत शोधून काढली. म्हणजे एम्युलेशनच्या नादाने केलेल्या अभ्यासातून खरेखुरे, लाकडी खोक्यातले बोर्ड परत उठून बसले. बोर्ड फेकून देऊ नका असं आम्ही तळमळीने सांगतो ते यासाठी.

आपल्याकडे फिरलेले बोर्ड मात्र बहुतेक नकली होते. त्यांच्यावर काचेची खिडकी असलेल्या ईप्रॉम चिप असतात, आणि खिडकीवर कागदाचा तुकडा चिकटवलेला असतो. तो कागद काढू नका! त्या खिडकीतून ऊन गेलं तर साधारण आठवडाभरात आतला मजकूर पुसला जाऊ शकतो.

आमच्याकडची कॅसेट नकली आहे, ‘९९९९ इन १’. तिच्यात जपण्यासारखं काय?

हाच प्रश्न येईल म्हणून मी वाट बघत असतो.

आपल्या घरात आलेला टीव्ही गेम म्हणजे निन्टेन्डोच्या फॅमिकॉमची नक्कल. मूळ यंत्र जपानमध्ये १९८३ ला आलं. आपल्याकडे नव्वदच्या दशकात त्याच्या नकला वेगवेगळ्या नावांनी पोचल्या. मूळ जपानी कॅसेट जगभरच्या संग्राहकांनी केव्हाच उतरवून, तपासून ठेवल्या आहेत. ‘मारिओ’ किंवा ‘कॉन्ट्रा’ हरवेल ही भीती आता नाही. पण नकली कॅसेटमध्ये जे होतं ते त्याच रूपात दुसरीकडे कुठेच नाही. कुणीतरी कारागिराने गेम कापून छोटे केले, पहिल्या पडद्यावरचं कंपनीचं नाव खोडलं, तीस जीव आधीच देऊन टाकले, मेनूला स्वतःचं संगीत लावलं. लेबलवर ९९९९ असलं तरी आत मोजकेच गेम, आणि बाकीच्या ओळी म्हणजे त्याच गेमच्या वेगळ्या लेव्हल. आपल्या पिढीने खेळलेला ‘टँक’ हा असा होता. मूळ ‘बॅटल सिटी’ जपून आपलं बालपण जपलं जात नाही.

या कॅसेट वाचणं अवघडही असतं. फॅमिकॉमचा प्रोसेसर कॅसेटमधला ३२ किलोबाइटचाच भाग एका वेळी बघू शकतो. ‘कॉन्ट्रा’ची अमेरिकेत विकली गेलेली आवृत्तीच १२८ किलोबाइटची. मग मोठा गेम तुकड्यातुकड्याने समोर आणणारं सर्किट कॅसेटमध्ये बसवायचे. नकली कॅसेट करणाऱ्या प्रत्येक कारखान्याचं हे सर्किट वेगळं. ते कसं चालतं हे कुणी शोधून लिहून ठेवलं नाही तर उतरवलेली फाइल नुसती पडून राहते, एम्युलेटर ती उघडू शकत नाही.

मागच्या मे महिन्यात कुडाळजवळच्या एका घरातून पिवळी कॅसेट आली. स्क्रू नव्हता, नखाने उघडली. आत तळहाताएवढा बोर्ड, आणि त्यावर डांबराच्या थेंबासारखा एकच काळा ठिपका. चिप त्या ठिपक्याखाली थेट बोर्डाला चिकटवलेली असते, त्यामुळे ती काढून वाचायची सोय नाही. साठ पट्ट्यांच्या कडेतूनच वाचायची. कडेवर दोन ठिकाणी हिरवं चढलं होतं. दोनदा उतरवली, दोन्ही वेळा अंगठा वेगळा. फाइलमधली चित्रं काढून पाहिली तर प्रत्येक अक्षरात, प्रत्येक टँकमध्ये त्याच जागी एक उभी रेघ. या यंत्रात चित्राचे तुकडे आठ ठिपके रुंद असतात आणि प्रत्येक उभी रांग एका तारेवरून येते. म्हणजे आठ तारांपैकी एक तार लागत नव्हती. ती पट्टी अल्कोहोलने तीनदा पुसली, आणि पुढच्या दोन्ही प्रती जुळल्या. कॅसेट आणणारा दादा शेजारीच बसला होता. मेनू पडद्यावर आला, ते संगीत वाजलं, आणि तो काही न बोलता उठून पडवीत गेला.

कॅसेट चालत नसली की फुंकर मारायची ना?

नका मारू. फुंकरीने चालते असं वाटायचं, कारण फुंकर मारताना आपण कॅसेट काढून पुन्हा बसवायचो, आणि नव्याने बसली की पट्ट्या टेकायच्या. तोंडातली वाफ मात्र पट्ट्यांवर राहते आणि धातू खाते. आयसोप्रोपिल अल्कोहोल कापसाच्या काडीवर घेऊन हलक्या हाताने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. खोडरबरने साफ होतं हे खरं, पण वरचा पातळ मुलामाही घासला जातो. मी शिकाऊ असताना एका कॅसेटवर पॉलिश पेपर चालवला होता. तिच्या चार पट्ट्या उडाल्या आणि ती कॅसेट कायमची गेली. तिच्यासारखी दुसरी अजून सापडलेली नाही.

आमचं घर किनाऱ्याला लागून आहे. कॅसेट किती वर्षं टिकतील?

कॅसेटमधली मूळ चिप बरीच दणकट असते, कारण मजकूर तिच्यात कारखान्यातच कायमचा कोरलेला असतो. मरतं ते तिच्याभोवतीचं सगळं. खारं वारं पट्ट्यांवर मिठाचा थर बसवतं, ते मीठ हवेतलं पाणी ओढतं, आणि जूनपासून चार महिने पट्ट्या ओल्याच राहतात. देवगडला किनाऱ्यालगतच्या एका घरातले टीव्ही गेमचे दोन डबे आणि घाटावरून आलेले तेवढ्याच वयाचे दोन डबे शेजारी ठेवून पाहिले. किनाऱ्यावरच्या डब्यांचे पत्र्याचे भाग बोटाने चुरले. यंत्राच्या आतले कपॅसिटर गळतात ते वेगळंच.

एक चूक सगळे करतात: जुलैमध्ये कॅसेट प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवतात. त्यामुळे ओली हवा कॅसेटबरोबर आत कोंडली जाते. दिवाळीनंतर हवा कोरडी झाली की कॅसेट पुसा, एक दिवस सावलीत उघड्या ठेवा, आणि मग सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात ठेवा. माळ्यावर, कौलांखाली नको. घरातलं आतल्या खोलीतलं कपाट बरं.

सीडी-डीव्हीडी तर प्लास्टिकच्या आहेत, त्यांना काय होणार?

त्यांच्यात अॅल्युमिनियमचा अतिशय पातळ थर असतो आणि तो कडेने गंजतो. बुरशीही लागते. मध्य अमेरिकेतल्या बेलीझसारख्या दमट देशातल्या सीडीचा थर बुरशीने खाल्ल्याचं २००१ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं होतं. आपली हवा काही त्याहून सौम्य नाही.

आणि इथेही प्रश्न आपल्या वाट्याचा आहे. सोनीने प्लेस्टेशन २ साठी काही गेम भारतात बनवून घेतले, मुख्यतः इथल्याच बाजारासाठी. ‘हनुमान: बॉय वॉरियर’ २००९ चा, हैदराबादला तयार झालेला. त्याच सुमारास ‘देसी अड्डा’ आला, त्यात कबड्डी होती, विटीदांडू होता. अशा डिस्क शोधायला जपान-अमेरिकेतला संग्राहक आपल्या माळ्यावर येणार नाही. तुमच्याकडे असतील तर वेगवेगळ्या प्रतींचा अंगठा जुळवायला प्रत्येक प्रत उपयोगाची आहे, ओरखडे असले तरी.

नोकियावरचे जुने गेम?

तेही वाचतात. जावावर चालणाऱ्या त्या छोट्या फाइलसाठी एम्युलेटर आहेत, अँड्रॉइडवर जे-टू-एमई लोडर चांगला चालतो. फोन सुरू होत असेल तर मेमरी कार्ड आणि फोनमधल्या फाइल आधी संगणकावर घ्या. मुंबईच्या इंडियागेम्ससारख्या कंपन्यांनी त्या काळात क्रिकेटचे कितीतरी गेम काढले होते, आणि ते उतरवून घ्यायची पानं आता उरलेली नाहीत. फुगलेली बॅटरी दिसली तर तो फोन चार्जिंगला लावू नका.

हे कायदेशीर आहे का?

एम्युलेटर लिहिणं आणि वापरणं हा गुन्हा नाही. अमेरिकेत सोनीने प्लेस्टेशनचा एम्युलेटर बनवणाऱ्या कनेक्टिक्स कंपनीवर खटला भरला होता. यंत्र समजून घेण्यासाठी त्याचा प्रोग्राम उलगडून पाहणं (रिव्हर्स इंजिनिअरिंग) कॉपीराइट कायद्यातल्या ‘योग्य वापरा’च्या सवलतीत बसतं, असं तिथल्या अपील न्यायालयाने २००० मध्ये ठरवलं. तरी ही सरसकट मोकळीक नव्हे. निन्टेन्डोने युझू या एम्युलेटरच्या कर्त्यांवर खटला भरला आणि मार्च २०२४ मध्ये तो २४ लाख डॉलरवर मिटला. तिथे विषय चालू बाजारातल्या यंत्राचा आणि त्याची कुलपं तोडण्याचा होता.

रॉमची गोष्ट वेगळी. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, ज्याच्याकडे प्रोग्रामची कायदेशीर प्रत आहे तो नुकसानीपासून बचाव म्हणून राखीव प्रत करू शकतो. तिचं वाटप करण्याची मुभा त्यात नाही. गेम जुना झाला, कंपनी बुडाली, म्हणून हक्क संपत नाही. आणि नकली कॅसेट मुळातच कायदेशीर प्रत नव्हे, हेही खरं. त्यामुळे आम्ही फाइल वाटत नाही, विकत नाही, कुणालाही पाठवत नाही. अंगठा, सर्किटचं वर्णन, बोर्डाचे आणि लेबलचे फोटो हे मात्र जगासमोर ठेवतो.

वाचनालयं आणि संग्रहालयांनी जुने गेम संशोधकांना दुरून दाखवू द्यावेत, ही मागणी अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये नाकारली. मला तो निर्णय चुकीचा वाटतो. जुनं पुस्तक ग्रंथालयात वाचता येतं, मग विकतही न मिळणारा गेम का नाही? कंपनीची इच्छा असेल तर वाट निघते. अॅमस्ट्रॅडने १९९९ मध्ये झेडएक्स स्पेक्ट्रम या जुन्या घरगुती संगणकाचा आपल्या हक्कातला रॉम (त्या यंत्राचाच अंगभूत प्रोग्राम) एम्युलेटरसोबत द्यायला परवानगी दिली. त्याने कंपनीचं काही बिघडलं नाही, आणि त्या संगणकाचे गेम आज सर्वांत नीट जपलेल्यांपैकी आहेत.

एम्युलेटरवर खेळताना ‘तेच’ वाटत नाही. का?

काही वेळा एम्युलेटर घाईचा असतो. वेग मिळावा म्हणून यंत्राच्या बारीक सवयी सोडून दिलेल्या असतात. ‘एअर स्ट्राइक पॅट्रोल’ नावाच्या सुपर निन्टेन्डोच्या गेममध्ये विमानाखाली सावली पडते. यंत्र पडद्यावर एक ओळ काढत असतानाच मध्येच काही बदलून ती सावली काढलेली होती. अनेक एम्युलेटरमध्ये ती दिसायचीच नाही. निअर या टोपणनावाच्या प्रोग्रामरने बीस्नेस हा एम्युलेटर लिहिला तो अशा गोष्टी सुटू नयेत म्हणून. त्यासाठी संगणक कितीतरी पटीने जास्त ताकदीचा लागायचा आणि लोक तक्रार करायचे, पण आज मोजमाप त्याच कामाने ठरतं.

आणि काही वेळा बदल टीव्हीचा असतो. ‘डक हंट’ची बंदूक नव्या टीव्हीवर चालतच नाही. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होतो, बदकाच्या जागी पांढरा चौकोन येतो, आणि बंदुकीच्या नळीतला डोळा तो उजेड नेमक्या त्या क्षणी शोधतो. जुन्या डब्बा टीव्हीवर तो उजेड लगेच यायचा, नव्यावर थोडा उशिरा येतो, तोवर बंदुकीने बघणं थांबवलेलं असतं. म्हणून डब्बा टीव्ही चालू असेल तर भंगारात देऊ नका.

फाइल उतरवली, अंगठा जुळला. मग काम झालं?

नाही. सावंतवाडीचा गंजिफा बघा. गोल पत्ते, हाताने रंगवलेले, दशावताराच्या जोडात दहा रंग आणि एकशे वीस पानं. १९७० च्या दशकात राजघराण्याने लक्ष घातलं म्हणून ही कला राजवाड्यात टिकली, आज पत्ते विकत मिळतात. पण चार माणसं बसून डाव खेळताना तुम्ही शेवटचं कधी पाहिलं? पत्ते वाचले, खेळणारे विरळ झाले.

म्हणून कॅसेट घेऊन येणाऱ्याला आम्ही तासभर बसवून घेतो. घरात या गेमला काय म्हणायचे? हरल्यावर रिमोट कुणाकडे जायचा? पार्लरवाला एका रुपयात किती जीव द्यायचा? लाइट गेली तर पैसे परत मिळायचे का? ही उत्तरं कुठल्याच चिपमध्ये नसतात आणि सांगणारे आता पन्नाशीकडे आले आहेत. आम्ही ती मालवणीत सांगितली तर मालवणीतच लिहून ठेवतो.

उतरवलेल्या प्रती ठेवता कुठे?

तीन ठिकाणी, आणि त्यांतलं एक घाटावर. जुलै २०२१ मध्ये वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा तिथल्या ओळखीच्या घरातला अख्खा खोका गेला. तो आम्ही पावसाळ्यानंतर आणायचा ठरवला होता.

गणपतीला येतोय. कॅसेट आणू का? आणताना काय काळजी घेऊ?

आणा. आजी म्हणेल, “ह्या भंगार कित्याक ठेवलंस?” पण तिच्याकडूनच खोका कुठे ठेवलाय ते कळेल. कागदात गुंडाळा, घरी उघडू नका, चालते का बघायला डब्याला वीज देऊ नका. जुना अॅडॉप्टर बिघडलेला असेल तर एका झटक्यात कॅसेटही जळते. अॅडॉप्टर, रिमोट, फाटका खोका, दुकानाची पावती, जे असेल ते सगळं एकत्र आणा. दीड दिवसाचा गणपती असेल तर विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी या. एका कॅसेटला साधारण अर्धा दिवस लागतो आणि कॅसेट त्याच दिवशी तुम्हाला परत मिळते. आणि लेबलवर कुणी पेनाने नाव लिहिलं असेल, ‘हात लावू नये’ असं बजावलं असेल, तर ते पुसून आणू नका. त्याचा फोटो आम्ही सगळ्यांत आधी काढतो.